पद्मिनी घेतली आणि इंजिनात खटखट: ‘क्रँक गेला’ म्हणण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा: १९७८ची पेट्रोल प्रीमियर पद्मिनी नुकतीच घेतली. आधीच्या मालकाकडे ती काही वर्षं शेडमध्ये उभी होती. थंड असताना इंजिन बरं चालतं, पण वीसेक मिनिटांनी गरम झालं की खालून कुठून तरी खटखट सुरू होते, रेस दिली की ठोके वाढतात, आणि सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो. गॅरेजवाला म्हणतो, क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) गेलाय, इंजिन उतरवा. खरंच उतरवावं का?

आज तरी नाही. पण गाडी चालवणंही आजपासून बंद. गरम इंजिनात ठोका आणि सोबत ऑइलचा दिवा हे दोन्ही एकत्र असतील तर पुढचे पन्नास किलोमीटर बेअरिंगच्या कामाचं रूपांतर क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि ब्लॉकच्या कामात करू शकतात. खालच्या सगळ्या तपासण्या गाडी जागेवर ठेवूनच होतात, आणि यातल्या निम्म्यांना फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती), एक लांब स्क्रूड्रायव्हर आणि पाव-अर्धा तास एवढंच लागतं.

आधी हे इंजिन डोळ्यासमोर आणा, म्हणजे आवाज कुठून येऊ शकतो ते कळेल. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. मूळ फियाट ११००चंच हे इंजिन, कुर्ल्याला बनलेलं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, चेनवर फिरणारा. तिथून टॅपेट, पुशरॉड आणि वर रॉकर, हे मिळून व्हॉल्व्ह उघडतात. क्रँकला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूला. पेट्रोल पंप मेकॅनिकल, कॅमशाफ्टच्या जोरावर चालणारा, ब्लॉकलाच बसवलेला. हा पंप लक्षात ठेवा, तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय त्याच्यावर आहे.

कारण असं. गाडी उभी राहिली की पंपाचा रबरी डायफ्राम कोरडा पडून कडक होतो आणि चिरतो. त्यात हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्या काळच्या रबराला मानवत नाही. डायफ्राम फाटला की पेट्रोल बाहेर सांडेलच असं नाही. ते पंपाच्या तळातून सरळ चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं), म्हणजे ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. थंड असताना ते कसंबसं काम भागवतं; गरम झालं की बेअरिंगमधली ऑइलची फिल्म टिकत नाही, प्रेशर पडतं, दिवा मिणमिणतो आणि धड असलेलं बेअरिंगसुद्धा वाजायला लागतं. म्हणजे तुम्ही सांगितलेलं चित्र हुबेहूब.

तेव्हा पहिली गोष्ट, सकाळी गाडी थंड आणि सपाट जागी असताना डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर आहे? आपण न घालता ऑइल वाढलं, तर त्यात पेट्रोल आहे किंवा पाणी. डिपस्टिक नाकाशी न्या. पेट्रोलचा वास लपत नाही. पाणी असेल तर ऑइल चहासारखं दुधाळ दिसतं आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय जमते (नुसती झाकणावरची थोडी साय पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही जमते, तिला घाबरू नका). पेट्रोलचा वास आला तर इंजिन पुन्हा सुरूच करू नका. पंपाचा किट टाका किंवा नवा पंप बसवा, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच आवाज ऐका. कार्ब्युरेटरची नीडल गळत असेल तरी पेट्रोल मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली जातं. त्यामुळे गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी कार्ब्युरेटरचं तोंड ओलं दिसतं का, तेही बघून घ्या.

ऑइल काढताना ते मोरीत सोडू नका, स्वच्छ पांढऱ्या टबमध्ये घ्या. शेवटचा कपभर भाग वेगळा ठेवा आणि उन्हात धरून ढवळा. त्यात चमक दिसते का? चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे बारीक कण म्हणजे लोखंड-पोलाद: रिंग, टॅपेट, कॅम, चेन. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी मऊ चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर किंवा पिस्टनचं अॅल्युमिनियम. तांबूस सोनेरी चमक असेल तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर झिजायला लागलाय, आणि मग ‘इंजिन उतरवा’ हा सल्ला बरोबर असण्याची शक्यता खूप वाढते. जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. ऑइलपेक्षा फिल्टर जास्त खरं बोलतो.

नवं ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. पातळ सिंथेटिक या इंजिनात घालू नका. आणि उलट टोकही नको: विकताना आवाज दाबायला गिअर ऑइल किंवा मधासारखं घट्ट अॅडिटिव्ह मिसळायची जुनी युक्ती आहे. काढलेलं ऑइल थंड असताना दोरीसारखं ओघळत असेल तर ती युक्ती तुमच्यावर झाली आहे असं समजा, आणि नव्या ऑइलवर आवाज वाढला तर दोष ऑइलचा नाही, आता खरा आवाज ऐकू येतोय.

उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक भानगड होते. चेंबरच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ नवं ऑइल सोडवतं आणि तो जाऊन ऑइल पंपाच्या गाळणीवर बसतो. मग ऑइल बदलल्यानंतर शे-दोनशे किलोमीटरनी प्रेशर पडतं. विकणाऱ्याने ‘सर्व्हिस करून देतो’ म्हणत नुकतंच ऑइल बदललं असेल तर ही शक्यता जमेस धरा. चेंबर उतरवून गाळणी धुणं हे इंजिन उतरवण्यापेक्षा कितीतरी छोटं काम आहे.

आता दिव्याबद्दल. हा दिवा ब्लॉकवरच्या एका साध्या स्विचवर चालतो आणि प्रेशर अगदी तळाला गेलं तरच पेटतो. म्हणून दिवा विझलेला असणं ही तब्येतीची खूण नाही. आणि स्विच स्वतः बिघडला तर तो उगाचही मिणमिणतो. तो स्विच काढा, त्याच्या आट्यांचा अॅडाप्टर मिळवा (जुना स्विच दुकानात घेऊन जा, अंदाजाने आणू नका) आणि त्या जागी तांब्याच्या किंवा होज पाइपवरचा मेकॅनिकल प्रेशर गेज लावा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, पाणी गरम झालं तरी ऑइल तापायला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग वाचा. ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय. म्हणजे तीन हजारला तीसच्या आसपास हवं. स्लोवर (पाय न देता, आयडलिंगला) १०-१२ असेल तर या वयाच्या इंजिनाला चालतं. स्लोवर पाच आणि तीन हजारला पंधरा-वीसच्या पुढे काटा जात नसेल तर ऑइल कुठेतरी वाट मोकळी करून निसटतंय: बेअरिंग, ऑइल पंप, किंवा रिलीफ व्हॉल्व्हची बसलेली स्प्रिंग. शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त, म्हणून आधी ती बघावी. याच वेळी स्लोचा वेगही तपासा. बरेच जण ‘गाडी शांत उभी राहते’ म्हणून स्लो इतका खाली आणतात की ऑइल पंपाला वेगच मिळत नाही. सात-आठशेवर आणल्यावर दिवा गेला आणि गेजवर आकडा बरा असेल तर दिव्याचा प्रश्न तिथेच संपला, फक्त ठोका उरला.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे. ‘खटखट’ या एका शब्दाने निदान होत नाही. तीन गोष्टी ठरवा: आवाजाचा ठेका इंजिनाच्या वेगाचा आहे की त्याच्या निम्म्या वेगाचा, तो कुठल्या भागातून येतो, आणि लोड, तापमान किंवा क्लच बदलला की तो बदलतो का.

ठेका ओळखायची खात्रीची युक्ती टायमिंग लाइट. एक नंबरच्या वायरवर क्लिप लावली की लाइट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकते. एका चमकेला एकच ठोका पडत असेल तर आवाज कॅमशाफ्टच्या बाजूचा: टॅपेट, रॉकर, कॅम, पेट्रोल पंपाची दांडी. एका चमकेला दोन ठोके पडत असतील तर क्रँकच्या बाजूचा: बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग), मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये आधार देणारं बेअरिंग), पुली, फ्लायव्हील. कानाला हे अंतर स्लोवर नीट कळतं. आठशे आरपीएमला क्रँकचे ठोके सेकंदाला तेरा, म्हणजे मोजता येणार नाहीत असे. कॅमचे सहा-सात, म्हणजे भरभर टिचक्या वाजवल्यासारखे. पिस्टन आणि पिनच्या आवाजात मात्र हा हिशोब थोडा फसतो, कारण ते पॉवर स्ट्रोकलाच जास्त वाजतात; म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला, किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. बाही वर, गळ्यात काही नको, पंख्यापासून लांब. रॉकर कव्हर, पुढचं चेनचं कव्हर, पेट्रोल पंपाची बाजू, वॉटर पंप, डायनॅमो, चेंबरच्या वरची ब्लॉकची कड आणि क्लच हाउसिंग, सगळीकडे एकेकदा ऐकून मगच तुलना करा. पत्र्याचं चेंबर आणि पत्र्याचं रॉकर कव्हर आवाज मोठा करून सांगतात, त्यामुळे ‘चेंबरवर मोठा ऐकू आला’ म्हणजे क्रँकच गेला असं होत नाही. ब्लॉकवर ऐका.

त्याआधी बाहेरच्या स्वस्त गोष्टी वगळून टाका. फॅनबेल्ट काढून इंजिन तीस सेकंद चालवा, जास्त नाही, कारण वॉटर पंपही थांबलेला असतो. आवाज गेला? मग वॉटर पंपाचं बेअरिंग, डायनॅमोचा बुश किंवा सैल झालेलं पंख्याचं पातं. क्रँक पुलीचा नट तपासा. तो सैल झाला की पुली चावीवर डुलते आणि हुबेहूब मेन बेअरिंगसारखा जड ठोका देते. या एका नटापायी कित्येक इंजिनं फुकट उघडली गेली आहेत. इंजिन माउंटिंगचं रबर फाटून इंजिन क्रॉसमेंबरवर आपटत असेल तर तोही खालून येणारा ठोकाच. सायलेन्सरचा पाइप बॉडीला लागत असेल तर गरम होऊन पाइप लांबल्यावर वाजायला लागतो, हेही ‘गरम झाल्यावरच’ या लक्षणात बसतं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल तर नेमकी टॅपेटसारखी टिकटिक येते. तिचा ओळखीचा गुण म्हणजे ती थंड असताना आणि लोडवर जास्त, गरम झाल्यावर कमी. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवा. जिथे फुंकतं तिथे फटफट कानात येते. आजूबाजूला काळी काजळीही दिसते.

क्लचचे दोन प्रयोग. स्लोवर, न्यूट्रलमध्ये क्लच दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग किंवा क्लच प्लेटच्या सैल स्प्रिंगा. पण जड ठोक्याचा सूर क्लच दाबल्यावर बदलत असेल तर क्रँकची पुढे-मागे हालचाल वाढली आहे, थ्रस्ट वॉशर झिजलेत. टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्यांत हे फार दिसतं, कारण पाय सतत क्लचवर. इंजिन बंद करून कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुलीकडे बघा. डोळ्याला स्पष्ट हललेली दिसली तर जास्त आहे. नीट मोजायला डायल गेज. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल असल्याचा संशय असेल तर स्लोवर चाबी बंद करा आणि इंजिन थांबतं न थांबतं तोच पुन्हा चालू करा. मागून एकच ‘ठप्’ आला तर तिकडे बघा.

टॅपेट. या इंजिनाला टॅपेटची थोडी टिकटिक असतेच आणि असावी. पूर्ण शांत टॅपेट ही जास्त काळजीची गोष्ट: गॅप उरली नसेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. टॅपेट थंड इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाने लावा. क्रम सोपा आहे: चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असताना एकचे लावायचे, दोनचे डुलताना तीनचे, एकचे डुलताना चारचे, तीनचे डुलताना दोनचे. तरीही एक टॅपेट वाजत असेल तर कव्हर काढून इंजिन स्लोवर ठेवा आणि वाजणाऱ्या रॉकरखाली फिलर गेजचं पातं सारा. आवाज दबला की तोच. आता त्या रॉकरच्या तोंडाकडे नीट बघा. व्हॉल्व्हच्या टोकावर घासून तिथे एक उथळ खळगा पडलेला असतो. फिलर गेजचं सपाट पातं त्या खळग्यावर पुलासारखं बसतं, तुम्हाला माप बरोबर वाटतं आणि खरी गॅप खळग्याच्या खोलीएवढी जास्त राहते. असा टॅपेट कितीही वेळा लावा, वाजणारच. रॉकरचं तोंड घासून गोलाई परत आणावी लागते किंवा रॉकर बदलावा लागतो. कव्हर उघडं आहे तोवर प्रत्येक रॉकरपाशी ऑइल पोचतंय का तेही बघा. गाळाने वाट बंद झालेली असली की रॉकर शाफ्ट कोरडा झिजतो.

एकाच व्हॉल्व्हची गॅप काही दिवसांत परत परत वाढत असेल तर कॅमचा लोब किंवा टॅपेटचं तोंड झिजतंय. डायल गेजने आठही रॉकरची उचल मोजा. एखाद्याची अर्धा मिलिमीटर कमी भरली तर कॅमशाफ्ट बाहेर काढायची तयारी ठेवा.

पेट्रोल पंपाची दांडी टिकटिक करते, निम्म्या ठेक्यावर, आणि पंपावर स्क्रूड्रायव्हर टेकवला की कळते. वाजली तरी चालते, फक्त बिगएंड समजून घाबरू नये.

चढावर, वरच्या गिअरमध्ये, पाय दाबल्यावर बांगड्या किणकिणल्यासारखा आवाज येतो तो पिंगिंगचा. टायमिंग पुढे गेलंय, डेल्कोतली (डिस्ट्रिब्यूटरमधली) वजनं अडकली आहेत किंवा त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात, नाहीतर मिक्स्चर पातळ आहे. डेल्को दोन-तीन अंश मागे फिरवून बघा. गेला तर निदान झालं. जागेवर उभ्या गाडीत हा आवाज सहसा येत नाही, म्हणून तुमचा नाही. पिस्टन स्लॅपही तुमचा नाही: तो पोकळ, थंड असताना जास्त, आणि दोन-तीन मिनिटांत पिस्टन फुगला की जातो. असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. विकणारा तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवतो ते बहुधा हाच आवाज लपवायला.

उरले तीन संशयित: पिस्टन पिन, बिगएंड आणि मेन. यांच्यासाठी प्लग कापण्याची चाचणी, आणि ती नीट करा. इंजिन गरम, वेग ज्या आरपीएमला आवाज सर्वांत स्पष्ट त्याच्यावर. एका वेळी एका प्लगची टोपी रबरी मुठीच्या पकडीने उचला आणि वायरचं टोक ब्लॉकला टेकवून धरा. करंट हवेत लटकत ठेवू नका, कॉइल आणि डेल्कोची टोपी दोन्ही जातात. कुठेही पेट्रोल गळत असेल तर ही चाचणी करूच नका. प्रत्येक सिलिंडरला दहा सेकंद पुरे. जास्त वेळ केलं तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन खाली ऑइलमध्ये जातं, म्हणजे आपणच रोग वाढवला.

बिगएंडचा ठोका जड आणि धातूचा. निवांत स्लोवर तो कधी कधी ऐकूही येत नाही. दोन-अडीच हजारला स्थिर ठेवून पाय किंचित सोडला की त्या क्षणी तो उमटतो, कारण तेव्हा रॉडवरचा दाब ढकलण्याकडून ओढण्याकडे उलटतो आणि रॉड मोकळी गॅप ओलांडून पलीकडे आपटतो. त्या सिलिंडरचा करंट कापला की ठोका ठळकपणे कमी होतो. असं झालं तर सिलिंडरचा नंबर लिहून ठेवा, निदान तुमच्या हातात आलं.

पिस्टन पिनचा आवाज हलका, टणक आणि जोडीचा, ‘टकटक’ असा. करंट कापला तर कमी होण्याऐवजी तो कधी कधी जास्तच स्पष्ट किंवा दुप्पट होतो. मेन बेअरिंगचा आवाज खोल, धपधप, पायाखाली जाणवणारा, लोडवर. एक सिलिंडर कापून त्यात फारसा फरक पडत नाही. शेजारचे दोन एकदम कापले तर पडतो. या इंजिनात आधी झिजतं ते मधलं मेन. दोन आणि तीन नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात, त्या दोघांचा झटका एकाच दिशेने मधल्या बेअरिंगवर पडतो, आणि तीनच बेअरिंग असल्याने वाटून घ्यायला शेजारी कुणी नाही.

चारही कापून काहीच बदल झाला नाही? मग क्रँक-पिस्टनचा नाद सोडा आणि परत टॅपेट, चेन, पुली, फ्लायव्हील. सैल टायमिंग चेन पुढच्या कव्हरमागे खळखळते, विशेषतः रेस सोडताना.

आता समजा बिगएंड निघालं. तरी लगेच इंजिन उतरवू नका. चेंबर उतरवून आधी त्या सिलिंडरची कॅप खोला. सगळ्या कॅप आणि रॉडवर जुळणारे नंबर असतात. नसतील तर खोलायच्या आधी पंचने टिंब मारा. कॅप अदलाबदल झाली किंवा उलटी बसली तर बोअर गोल राहत नाही. बेअरिंगचा कप काढून बघा. करडा, एकसारखा मॅट असेल तर तो निर्दोष. तांबूस डाग, नखाला लागणारे ओरखडे, किंवा कडेने उचकटलेला थर असेल तर गेला. मग जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने निदान दोन जागी आणि आडव्या-उभ्या दोन दिशांत मोजा. दोन मापांत एक थाऊपेक्षा, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे जर्नल अंडाकृती झालाय. गॅप मोजायला प्लास्टिगेजची पट्टी: कोरड्या जर्नलवर ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा, क्रँक न फिरवता खोला, आणि चपटी झालेली रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. दीड-दोन थाऊ छान. चारच्या पुढे असेल तर काम करायलाच हवं.

जर्नल गोल आणि गुळगुळीत असेल तर त्याच मापाचे नवे कप टाकून गाडी उभी राहते. अंडाकृती असेल तर क्रँक काढून ग्राइंडिंगला: दहा थाऊ अंडरसाइज, नंतर वीस, तीस. चारही बिगएंड एकाच मापाला करा. लेथवाल्याला सांगा की कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेव, ऑइलच्या भोकांच्या कडा मोड, आणि शेवटी आतल्या ऑइलच्या वाटा दाबाने धुऊन दे. ग्राइंडिंगची माती आत राहिली की नवे कप शंभर किलोमीटरही टिकत नाहीत. कप आधी विकत आणून मगच क्रँक ग्राइंड करा, कारण हव्या त्या मापाचे कप आता दर वेळी मिळतातच असं नाही.

एक गोष्ट ठामपणे नाकारा. ‘चेंबर खालूनच कपाखाली कागद टाकून देतो’ किंवा ‘कॅप जरा कानसून घेतो, आवाज जाईल’. आवाज जातो, काही आठवडे. कागद किंवा पत्रा टाकलेला कप रॉडला सगळीकडून टेकत नाही, त्यातली उष्णता बाहेर जात नाही, आणि एक दिवस तो जागीच फिरतो. फिरला की ऑइलचं भोक झाकलं जातं आणि रॉड ब्लॉकच्या बाहेर डोकावतो. हाताने एमरी पट्टी मारून अंडाकृती जर्नल गोल होत नाही, नुसता चमकतो.

जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून ठेवा आणि गेजवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा. बेअरिंगवर पहिली फेरी कोरडी जाता कामा नये. पहिले पाचशे किलोमीटर ओढून किंवा रेटून चालवू नका आणि तेवढ्यावर ऑइल बदला.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउस, पुण्यात नाना पेठ. पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे भंगारात निघालेली अख्खी इंजिनंही समोर येतात आणि ‘ग्राइंडिंगपेक्षा हेच बसवू’ असा सल्ला मिळतो. घेण्याआधी दोन गोष्टी. यातली बरीच सीएनजीवर चाललेली असतात. त्यांच्या व्हॉल्व्ह सीट बसलेल्या असतात, म्हणून कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका: चारही प्लग काढून, कॉइल सोडवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, आणि चारांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. दुसरी गोष्ट इंजिन नंबर. ब्लॉक बदलला तर आरसी बुकात आरटीओकडून नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या इंजिनाची पावती व कागद हवेत. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते आणि तिथे चासिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात असण्याची अट आहे. तुमची गाडी २०२८ला पन्नाशीची होईल. बेअरिंगच्या एका सेटसाठी मूळ नंबरचा ब्लॉक भंगारात घालू नका. आणि आधी आरसीवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, ते आजच बोनेट उघडून बघा.